परळला उपचार सुरू झाले, पण राहायचं कुठे? (धर्मशाळा, रुग्णनिवास, अनुभव हवेत)

रानजाई
६ डिसेंबर, रात्री ११.४०

माझ्या चुलतभावाची मुलगी सात वर्षांची आहे. रिसोडजवळच्या खेड्यात राहतात, वाशिम जिल्हा. दिवाळीनंतर तिचा ताप उतरेना, अंगावर निळसर डाग दिसायला लागले, खेळता खेळता मधेच बसून राहायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच मुंबईला जायला सांगितलं. परळच्या टाटा रुग्णालयात निदान झालं: एएलएल, म्हणजे लहान मुलांमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारा रक्ताचा कर्करोग. बरा होण्याची शक्यता चांगली आहे, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. त्या एका वाक्यावर आमचं घर उभं आहे.

उपचार सरकारी आरोग्य योजनेत बसले. पण पूर्ण उपचार दोन-अडीच वर्षांचे. त्यातले पहिले सहा ते आठ महिने वरचेवर बोलावणार, म्हणून जवळच राहा, असं सांगितलंय. भरती थोडेच दिवस, बाकी डे केअर. सकाळी जायचं, केमो घ्यायची, संध्याकाळी बाहेर पडायचं. बाहेर म्हणजे कुठे, हे कुणाच्याच कागदावर नाही.

पहिल्या चार रात्री भाऊ-वहिनी लेकीला घेऊन फूटपाथवर झोपले. मला कळवलंच नाही, "तुझं एका खोलीचं घर, तुला कशाला त्रास" म्हणून. मग एका लॉजवाल्याने दिवसाला बाराशे घेतले. आठ दिवसांत बैल विकलेले पैसे निम्मे झाले. आता डोंबिवलीला माझ्याकडे आहेत. पण सकाळची लोकल, तोंडाला मास्क लावलेलं पोर, आणि डॉक्टर म्हणतात गर्दीत नेऊ नका.

कुणाला माहिती असेल तर सांगा. फुकट नको, परवडेल एवढं चालेल. भावाची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. हात पसरायची सवय नाही त्याला, म्हणून त्याच्याऐवजी मी लिहितेय.

सातपुडा
७ डिसेंबर, सकाळी ६.१५

ताई, मी नऊ वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काम करतो. घाईत लिहितोय, पण आज सोमवार आहे, आजच करण्यासारखं आहे म्हणून.

आधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. बरेच लोक थेट धर्मशाळेच्या दारात जातात आणि "पत्र आणा" ऐकून परत फिरतात. जवळजवळ सगळीकडे रुग्णालयाचं पत्र लागतं. सोबत फाईल, तिघांची आधार कार्डं, रेशनकार्ड, फोटो, आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. तिथल्या बाईंना सगळं खरं सांगा, फूटपाथचंसुद्धा. भाऊ संकोचाने "सोय होईल काहीतरी" म्हणाला, तर त्या ज्याची होणार नाही त्याचं काम आधी करतील. त्यांच्यासमोर रोज अशी पन्नास माणसं उभी असतात.

मूल आहे म्हणून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचं नक्की विचारा. २००६ पासून कर्करोगाच्या मुलांसाठी चालतं. आई-बाप आणि मूल एकत्र राहतात, पैसे घेत नाहीत. तिथे रुग्णालयाकडूनच नाव जावं लागतं, आपण परस्पर जाऊन उपयोग नाही. त्याशिवाय दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा, परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याला बोर्जेस होम, वाशीला भारत सेवाश्रम संघ. सगळीकडे एकाच दिवशी जागा नसते आणि एकाच दिवशी भरलेलंही नसतं. सुट्टी झालेले लोक सकाळी खोली सोडतात, म्हणून सकाळीच जायचं. एकदा "नाही" म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत जायचं, राग न धरता.

बहुतेक ठिकाणी रुग्णासोबत एक किंवा दोनच माणसं चालतात. मुदत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाढते. मधे पंधरा दिवस गावी गेलात तर जागा धरून ठेवत नाहीत, बाहेर दुसरं कुटुंब थांबलेलं असतं. हे कठोर वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं.

लोहमार्ग
७ डिसेंबर, सकाळी ९.०२

एवढंच सांगतो: रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला याच वर्गांत ७५ टक्के सवलत. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून, सही-शिक्क्यासह घ्या आणि तिकीट काउंटरवर काढा. पुढच्या तारखेला लागेल तेव्हा धावाधाव नको, आत्ताच फाईलमध्ये ठेवा.

कोजागिरी
७ डिसेंबर, दुपारी ३.३०

रानजाई, तुझी पोस्ट वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. माझा मुलगा आता पंधराचा आहे, दहावीला. तो सहा वर्षांचा असताना आम्ही मुलांसाठीच्या अशाच एका निवासात सात महिने काढले. जळगावहून आलो होतो.

लोकांना वाटतं राहण्याची सोय म्हणजे उपचाराच्या कडेची गोष्ट. तसं नाही गं. केमोनंतर मुलाचे काऊंट पडतात, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा पाणी उकळूनच द्यायचं, अन्न ताजं आणि पूर्ण शिजलेलं, बाहेरचं काही नाही, कच्ची कोशिंबीर नाही. फळ द्यायचं तर जाड सालीचं, तेही धुऊन, सोलून. संडास स्वच्छ हवा. हे फूटपाथवर कसं पाळणार? हॉटेलची पोळी-भाजी आणून कसं पाळणार? औषध आत जातं आणि बाहेरच्या पाण्याने पोर परत भरती होतं. आमच्या वॉर्डात अशी दोन मुलं होती. त्यांच्या आयांकडे पाहवत नसे.

दुसरं म्हणजे ताप. काऊंट कमी असताना १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप गेला की घड्याळ बघायचं नाही, उठायचं आणि न्यायचं. आमच्या वेळी रात्री दोनला असं झालं. निवासाच्या काकांनी दहा मिनिटांत गाडी काढली, तासाच्या आत सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. त्या आधी आम्ही कळव्याला भाड्याच्या खोलीत होतो. रात्री दोनला कळव्याहून लोकल नसते आणि टॅक्सीला द्यायला आमच्याकडे तेव्हा सहाशे रुपयेही नव्हते. पुढचं मी मनात पुरं करत नाही.

आता स्वयंपाकघराबद्दल सांगते, कारण मला खरं बळ तिथे मिळालं. एक मोठा ओटा, प्रत्येक कुटुंबाची वेगळी शेगडी, वेगळं कपाट. आठवड्याला शिधा मिळायचा: तांदूळ, डाळ, कणीक, तेल. माझ्या उजव्या हाताला बिहारच्या मधुबनीची एक आई, डाव्या हाताला बंगालमधली. मला धड हिंदी येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी कांदा चिरताना रडत होते, आणि तो कांदा नव्हता हे तिला कळलं. तिने काही न बोलता माझ्या शेगडीवरची डाळ उतरवली, करपत होती ती. पुढे तिनेच मला शिकवलं की स्टिरॉइड सुरू असताना मुलाला रात्री तीनलाही भूक लागते, म्हणून एक डबा भरून उशाशी ठेवायचा. हे मला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा आमच्या चार महिने पुढे होता. टक्कल पडलेला, पण जिन्यावरून धावणारा. माझ्या लेकाने त्याला पाहिलं आणि केस गळाल्यावर रडलाच नाही. "त्या भैयासारखे परत येणार ना?" एवढंच विचारलं.

म्हणून सांगते, जमलं तर मुलांच्याच निवासात जागा मिळवा. डोंबिवलीला तुझी माया आहे, पण तिथे तुझ्या वहिनीला तिच्यासारखी कुणी भेटणार नाही.

एक वही करा. रोजचा ताप, औषधं, सीबीसीचे (रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचे) आकडे, पुढची तारीख. वहिनीला लिहिता येत असेल तर तिनेच लिहावं.

भोईवाडाकर
७ डिसेंबर, रात्री ९.५०

मी परळच्या याच भागात जन्मलो आणि वाढलो. लिहू की नको असा विचार करत होतो, पण रहिवाशांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

आमच्या इमारतीत तीन घरमालकांनी आपली घरं रुग्णांना दिवसाच्या भाड्याने दिली आहेत. एका खोलीत तीन-तीन कुटुंबं. पाणी दीड तास येतं, ते पुरत नाही. रोज नवीन माणसं, जिन्यात झोपलेली. माझी आई ८१ वर्षांची आहे, तिला आजाराची भीती वाटते. २०२१ मध्ये करी रोड-लालबागला म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाला द्यायचं ठरलं, मे महिन्यात चाव्याही दिल्या. तेव्हा तिथल्या रहिवाशांनी विरोध केला आणि जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. लगेच बॉम्बे डाईंगच्या जागेतल्या इमारतीत पर्यायी सदनिका जाहीर झाल्या. त्या वेळी विरोध करणाऱ्यांना सगळ्यांनी निर्दय ठरवलं. आम्ही निर्दय नाही. याच गल्लीतली मंडळं रुग्णांना जेवण वाटतात, माझ्या वडिलांनी चाळीस वर्षांत कितीतरी वेळा रक्त दिलंय. पण एकाच वस्तीने किती झेलायचं, हे कुणी विचारतं का?

निवृत्त_परिचारिका
७ डिसेंबर, रात्री १०.३५

भोईवाडाकर, तुम्ही मनातलं सांगितलंत ते बरं केलंत. तुमच्या आईंना माझा निरोप द्या: कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेजारी बसून, एका जिन्यातून जाऊन, एका ताटात जेवूनही नाही. मी चौतीस वर्षं या रुग्णांच्या उशाशी होते. धोका असेल तर उलट आहे. आपला साधा सर्दी-खोकला त्या लेकरांना अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. ती मुलं मास्क लावतात ते तुमच्यापासून स्वतःला जपायला.

पाण्याचं आणि एका खोलीत तीन कुटुंबांचं म्हणणं मात्र अगदी बरोबर. तो रुग्णांवरही अन्यायच आहे. अशा खोल्यांतून आलेली मुलं जुलाबाने भरती झालेली मी पाहिली आहेत. त्या घरमालकांना भाडं मिळतं, हाल तुमचे आणि त्यांचे. म्हणूनच देखरेख असलेली, पाण्याची पुरेशी टाकी असलेली, रुग्णांसाठीच बांधलेली जागा हवी. यात तुमचं आणि रानजाईंच्या भावाचं मागणं एकच आहे.

चंद्रभागा
८ डिसेंबर, सकाळी ७.२०

भोईवाडाकरांच्या प्रश्नावरून गाडगेबाबांची आठवण झाली. त्यांच्या दशसूत्रीत 'बेघरांना आसरा' आहे आणि 'अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार' वेगळं आहे. ज्याचं घर दूर राहिलं आणि माणूस खाटेवर आहे, तो दोन्हींत बसतो, हे बाबांनी ओळखलं होतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा वारकऱ्यांसाठी आणि यात्रेकरूंसाठी होत्या. पण मुंबईत त्यांनी जे. जे. इस्पितळात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. यात्रा आणि आजारपण, दोन्हींत माणूस घरापासून तुटतो.

त्यातही पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा. जिथे अस्पृश्य म्हणून वारकऱ्याला ओसरीवरही टेकू देत नव्हते, तिथे त्यांच्यासाठी हक्काचं छप्पर. ती पुढे त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लाखो रुपयांच्या इमारती बांधल्या, स्वतः मात्र झोपडीत राहिले. १९५६ च्या २० डिसेंबरला गेले. पुढच्या आठवड्यात त्यांची पुण्यतिथी आहे. आमच्या गावात त्या दिवशी गाव झाडतात.

दादरच्या धर्मशाळेच्या दारात आजही बाबांचा फोटो आहे. माझ्या सासऱ्यांच्या घशाच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही तिथे एकवीस दिवस होतो. आम्हाला जात कुणी विचारली नाही. फाईल विचारली.

दूरदेशी
८ डिसेंबर, सकाळी ८.४५

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. आमचं बाळ २७ व्या आठवड्यात जन्मलं तेव्हा घरापासून दोन तासांवरच्या रुग्णालयात अकरा आठवडे होतं. तेव्हा रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊसमध्ये राहिलो. याचं पहिलं घर फिलाडेल्फियातच १९७४ मध्ये सुरू झालं. अमेरिकन फुटबॉल खेळाडू फ्रेड हिल यांच्या मुलीला ल्युकेमिया झाला होता. रुग्णालयातले इतर आईबाप खुर्च्यांवर आणि गाडीत झोपतात हे त्यांनी पाहिलं, आणि डॉ. ऑड्री इव्हान्स यांना असं घर हवंच होतं. म्हणजे श्रीमंत देशातही आईबाप असेच झोपत होते. तिथे जमेल तेवढं द्यायचं, जमत नसेल तर काही नाही. संध्याकाळचं जेवण रोज वेगळा गट येऊन रांधायचा. एकदा आमच्या मंडळातल्या बायकांनी जाऊन मुगाची खिचडी केली, तूप घालून. दोन महिन्यांनी मी पोटभर जेवले.

रानजाई
११ डिसेंबर, रात्री १०.१०

सगळ्यांना सांगायचं होतं पण वेळ मिळाला नाही. सातपुडा दादांनी सांगितलं तसं सोमवारीच समाजसेवा विभागात गेलो. भाऊ गप्प उभा होता. मी फूटपाथचं सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं, पण त्या बाईंनी लगेच फोन उचलला. मुलांच्या निवासात प्रतीक्षा यादीत नाव घातलंय. तोवर एका धर्मशाळेत जागा मिळाली. एक खाट, एक गादी, भिंतीला कपाट. वहिनीने पहिल्यांदा तिथे वरणभात केला आणि पोरीने दोनदा मागून घेतला.

कोजागिरी ताई, वही केली. वहिनी चौथी शिकलेली आहे, आकडे नीट लिहिते. काल नर्सनेच तिची वही मागून पाहिली.

आता दुसरं सांगते. छप्पर मिळाल्यावर भाऊ पहिल्यांदा बोलायला लागला, आणि बोलला ते सगळं गावाबद्दल. तुरीवर अळी आलीय, फवारणी राहिली. सोसायटीचं कर्ज मार्चला भरायचं. दोन वर्षांचा धाकटा आजीजवळ आहे, तो रात्री उठून आईला शोधतो. योजनेतून औषधं मिळतात, भरती असेल तेव्हा रुग्णाचं जेवण मिळतं, परतीचं एसटी भाडं मिळतं. पण बापाची बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात लिहायची? तो म्हणाला, "तुम्ही दोघी राहा, मी जातो." मी म्हटलं थांब, मी विचारते.

तिफण
१२ डिसेंबर, सकाळी ५.५०

ताई, मी बुलडाण्याकडचा शेतकरी, लोणारजवळचा. तुमच्या भावाला आत्ता जाऊ देऊ नका. पहिल्या महिन्यात एकटी बाई किती धावेल? एक रांगेत उभं राहायला लागतो, एक लेकराजवळ. रक्त द्यायला माणसं जमवायची असतात.

आमच्या गावात एकाच्या पोराला हेच झालं. लोकांनी मिळून त्याचं शेत केलं. कुणी पाळी घातली, कुणी फवारलं. डिझेलचे पैसे ग्रामपंचायतीसमोर वही ठेवून जमवले, वहीत कुणाचं नाव लिहिलं नाही, नुसते आकडे. बाप परत आला तेव्हा सोयाबीन कट्ट्यांत भरून ठेवलेलं होतं. मुंबईतली धर्मशाळा अर्धी, अर्धी धर्मशाळा गावातच लागते. मला तुमच्या गावाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा. रिसोड आमच्यापासून लांब नाही. फवारणीचा पंप माझ्याकडे आहे.

कर्जाचं आत्ताच सोसायटीच्या सचिवाला रुग्णालयाच्या कागदाची प्रत देऊन लेखी कळवा. माफ होईल असं नाही, पण मार्चला दारात उभे राहण्याआधी कागद गेलेला बरा.

सातपुडा
१२ डिसेंबर, दुपारी १.१५

तिफण, धन्यवाद. याच कारणाने उपचार अर्धवट सुटतात, हे मी नऊ वर्षं पाहतोय. औषध मिळत असतं, पोर सुधारत असतं, आणि एक दिवस खाट रिकामी दिसते. पेरणी आली, दुसरं मूल आजारी पडलं, म्हातारी एकटी पडली. टाटामध्ये बालरुग्णांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे. ते लोक अशा कुटुंबांना फोन करकरून परत बोलावतात आणि राहणं, जेवण, रक्त, शाळा सगळं पाहतात. रानजाई ताई, तिथे नाव नोंदलंय का हे सोमवारी विचारा.

आणि भावाला सांगा, सहा-आठ महिन्यांनी मेन्टेनन्स, म्हणजे उपचाराचा पुढचा हलका टप्पा, सुरू होईल. तेव्हा बहुतेक औषधं गोळ्यांची, घरी घ्यायची, आणि ठरावीक तारखेला तपासणी. काही तपासण्या जवळ होऊ शकतात का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारायचं. नागपूरला सोय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. मुक्काम कायमचा नाही हे कळलं की बापाचा पाय थांबतो.

भोईवाडाकर
१२ डिसेंबर, रात्री ८.४०

परिचारिका ताईंची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग मास्क आपण लावायला पाहिजे." आज तिने जिन्यात बसलेल्या एका बाईला घरातलं उकळलेलं पाणी बाटलीत भरून दिलं.

तीन कुटुंबांच्या खोल्यांबद्दल सोसायटीची सभा रविवारी घेतोय. रुग्णांना काढायचा विषय नाही, हे मी आधीच सांगितलंय. एका खोलीत एकच कुटुंब आणि टाकीचं काम, हे दोन विषय. परिचारिका ताई, तुम्ही पंधरा मिनिटं येऊन बोलाल का?

निवृत्त_परिचारिका
१२ डिसेंबर, रात्री ९.०५

येते. वेळ कळवा.

रानजाई
१३ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

भाऊ थांबला. तिफण दादांचा फोन आला होता. दोघं वीस मिनिटं फक्त तुरीबद्दल बोलले. फोन ठेवून भाऊ धर्मशाळेच्या गॅलरीत बराच वेळ उभा होता.

एक मदत हवीय. काकू, म्हणजे भावाची आई, धाकट्याला घेऊन यायचं म्हणते. "मले पोरीले डोळ्यानं पाहू द्या, मंग काय व्हायचं ते होवो," असं रोज फोनवर रडते. धर्मशाळेत तिला राहता येणार नाही, माझ्याकडे दोन दिवस ठेवेन. पोरीचे काऊंट सध्या बरे आहेत, डॉक्टरांनी मास्क लावून खाली अंगणात भेटायला हरकत नाही म्हटलंय. धाकट्याला सर्दी नसेल तरच, ही अट.

काकू कधी अकोल्याच्या पुढे आलेली नाही. रिसोडहून एसटीने अकोला आणि तिथून अमरावती एक्सप्रेस, म्हणजे दादरला पहाटे. मी शुक्रवारी रात्रपाळीला आहे, सकाळी आठशिवाय सुटत नाही, आणि भाऊ त्या सकाळी रक्ताच्या रांगेत. दादरला कुणी उतरवून घेईल का? हिरवं नऊवारी, कडेवर पोर, हातात पिशवी.

सातपुडा
१३ डिसेंबर, संध्याकाळी ७.४२

मी येतो. डबा नंबर कळला की सांगा. अकोल्याला गाडीत बसवून द्यायला कुणी आहे का?

तिफण
१३ डिसेंबर, रात्री ८.१०

मी बसवून देतो.